डेस्कटॉपचं वायफाय मधेच तुटतं, फोनचं मात्र नीट चालतं

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नमस्कार,

विषय माझ्या घरच्या संगणकाचा आहे, पण मंडळाचं काम त्याच्यामुळे अडलंय म्हणून इथेच विचारते. डेस्कटॉपचं वायफाय मधेच तुटतं. कधी कोपऱ्यातल्या चिन्हात सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि तरी एकही पान उघडत नाही. कधी जोडणीच जाते आणि काही सेकंदांनी आपोआप परत येते. बैठकीच्या कॉलमध्ये माझा आवाज तुटतो हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती मी क्लाउडवर चढवतेय, आणि प्रत्येक मोठी फाइल अर्ध्यात थांबते. मूळ चित्रफिती बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, तिथूनच थेट चढवते.

राउटर बाहेरच्या खोलीत, संगणक आतल्या, मधे दोन भिंती. फोन त्याच टेबलावर ठेवला तर एकदाही अडखळत नाही. इंटरनेट कंपनीने लाइन तपासली, ठीक आहे म्हणाले. संगणक बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालतं. विंडोज ११ आहे, आणि वायफायसाठी टॉवरच्या मागे बोटाच्या पेराएवढा यूएसबी डोंगल आहे. राउटर बदलू का?


प्रेषक: खजिनदार

ताई, आमच्याकडेही आतल्या खोलीत रेंज मिळत नव्हती. मेश बसवलं, म्हणजे एकमेकांशी जोडलेली वायफायची दोन खोकी, एक बाहेर आणि एक आत, तेव्हापासून तक्रार नाही. राउटर जुना असेल तर फार विचार करू नका, मेशच घ्या.


प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, अजून काहीही विकत घेऊ नका. खजिनदार दादांच्या घरी रेंजच पोचत नव्हती, तुमच्या टेबलापर्यंत ती पोचते हे फोनने दाखवलंय. मेशने कदाचित फरक पडेलही, पण का पडला ते कळणार नाही आणि मूळ दोष तसाच राहील.

आधी साखळी कुठे तुटते ते बघू. एक कडी संगणक ते राउटर, दुसरी राउटर ते बाहेरचं जग. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ द्या. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, १९२.१६८ ने सुरू होणारा असण्याची शक्यता जास्त. आता पिंग करू, म्हणजे एखाद्या पत्त्याला सतत हाक मारून उत्तर येतं का ते बघू. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत ‘पिंग’, मग राउटरचा पत्ता, मग वजाचिन्ह आणि टी हे अक्षर. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. (आकडे आणि अक्षरं इंग्रजी कळफलकावरचीच हवीत, देवनागरी चालणार नाहीत.) दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करत राहा.

वायफाय तुटलं की दोन्हीकडे नजर टाका. राउटरची खिडकी व्यवस्थित उत्तरं देतेय आणि बाहेरची थांबली, तर दोष राउटरच्या पलीकडे, पुन्हा कंपनीला धरायचं. दोन्ही एकदम थांबल्या, तर दोष तुमच्या खोलीत किंवा त्या दोन भिंतींत. दोन्ही चालू आहेत पण पानं उघडत नाहीत, तर नाव-पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलंय. घरातल्या राउटरकडून उत्तर यायला एरवी काही मिलिसेकंद पुरतात. तोच आकडा शेकड्यांत उड्या मारायला लागला की रेडिओची जोडणी आजारी आहे असं समजायचं, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ (म्हणजे उत्तर आलंच नाही) दिसायच्या आधीच.

आणखी एक: सेटिंग्जमध्ये वायफायच्या गुणधर्मांत ‘नेटवर्क बँड’ (वायफायच्या लहरींचा पट्टा) काय लिहिलंय ते कळवा, २.४ की ५ गिगाहर्ट्झ. फोनचंही बघा. घरात अनेकदा दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, त्यामुळे कोण कुठे बसलंय ते वरून कळत नाही.

कृपया एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि राउटरचं ते बारीक छिद्रातलं रीसेटचं बटण दाबू नका. कंपनीने भरून दिलेली लॉगिनची माहिती त्याने पुसली जाऊ शकते, मग तुटक चालणारं इंटरनेटही बंद पडेल.


प्रेषक: चिटणीस

सांगितलं तसं केलं. तुटतं तेव्हा दोन्ही खिडक्या एकदमच थांबतात. डोंगल २.४ वर आहे, फोन ५ वर.

अजून एक लक्षात आलं. नुसता मजकूर वाचत बसले तर राउटरची उत्तरं अगदी शांतपणे येत राहतात. चित्रफीत चढवायला घेतली की आकडे भडकतात आणि थोड्या वेळात टाइम्ड आउट सुरू. म्हणजे मी जास्त भार टाकतेय का? फाइल लहान तुकड्यांत चढवली तर?


प्रेषक: संकेतस्थळ समिती

अपलोडने लाइन भरली की उत्तरं उशिरा येतात हे खरं, पण तो उशीर मुख्यतः बाहेरच्या कडीवर दिसतो. घरातल्या घरात राउटरच गप्प होतो हे नुसत्या भाराने सहसा होत नाही. मला काही तरी वेगळं वाटतंय: चित्रफिती ज्या बाहेरच्या डिस्कवरून चढतात, तिचाच तर संबंध नसेल? काका, तुम्ही रेडिओच्या क्षेत्रात काम केलंय, ही डिस्कची गोष्ट तुम्हाला कशी वाटते?


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

चिटणीस ताईंनी पहिल्याच पत्रात उत्तर दिलेलं आहे. डिस्क बाहेरची आहे, डोंगल टॉवरच्या मागे आहे. डिस्कही मागेच लावलेली असणार, आणि तीही डोंगलला खेटून.

यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती धावते. इतक्या वेगाने विद्युत पातळी खालीवर झाली की जोडणीच्या टोकातून आणि तारेच्या आवरणातून थोडी ऊर्जा रेडिओलहरींच्या रूपात बाहेर गळते. ती एका ठरावीक वारंवारितेवर नसते, रुंद पट्ट्यात पसरलेली असते, आणि २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ हा भाग नेमका त्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर मोजमापांसह एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. बिनतारी माउस अडखळण्यापासून वायफाय तुटण्यापर्यंत अनेक तक्रारींचं मूळ त्यात स्पष्ट केलं आहे.

गळणारी ऊर्जा अगदी थोडी असते. पण दोन भिंती ओलांडून आलेला राउटरचा संदेश किती उरतो? डीबीएम हे संदेशाच्या जोराचं माप. उणे ६० डीबीएम हा आकडा वायफायसाठी चांगला मानतात, आणि त्याचा अर्थ एका मिलिवॅटचा दहा लाखावा भाग. एवढा क्षीण संदेश पकडणाऱ्या ॲंटेनापासून दोन बोटांवर डिस्कचं टोक गुरगुरत असेल तर तो ऐकू कसा येणार? शेजारी मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतलं बोलणं कळत नाही, तसंच हे. बोलणारा हळू झालेला नसतो.

म्हणूनच तुमच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात. त्या पट्ट्या संदेशाचा जोर दाखवतात, गोंगाट किती आहे ते दाखवत नाहीत. वायफाय चालतं ते या दोहोंतल्या फरकावर. पट्ट्या बघून समाधान मानणारी माणसं मी फार पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण तंत्रज्ञसुद्धा तेवढंच बघून ‘सिग्नल उत्तम’ म्हणून निघून जातात.

खात्री करायची आहे ना? इंटरनेटचं काहीही काम न करता, डिस्कवरची एक मोठी चित्रफीत संगणकाच्या आतल्या डिस्कवर नुसती कॉपी करा आणि राउटरची पिंगची खिडकी बघत राहा. या कामात वायफायवर भार शून्य आहे. तरी आकडे भडकले तर चोर सापडला.


प्रेषक: चिटणीस

काका, सापडला! कॉपी सुरू केली आणि उत्तरं लगेच बंद पडली. कॉपी थांबवली, पुन्हा सुरळीत. डिस्क आणि डोंगल खरोखरच शेजारच्या खाचांत होते. आता डिस्क पुढच्या बाजूला लावली आणि डोंगल यूएसबीच्या वाढीव तारेवर टॉवरमागून काढून टेबलाच्या वर आणला. एक मोठी चित्रफीत पूर्ण चढली, मधे एकदाही न तुटता. कंपनीला फोन करून करून मी रडकुंडीला आले होते, त्यामुळे किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

एक बारीकसं दुखणं उरलंय. संगणक बराच वेळ नुसता पडून राहिला आणि मग काम सुरू केलं की वायफाय काही सेकंद गायब असतं.


प्रेषक: संकेतस्थळ समिती

छान! डोंगल टेबलावर आणलात याचा दुहेरी फायदा झाला. टॉवरचं खोकं पत्र्याचं, त्यामागे भिंत, आणि त्या बोळात अडकलेला ॲंटेना. डेस्कटॉप आणि फोन यांची तुलना करताना हे विसरलं जातं. फोन हातात उघड्यावर असतो, संगणकाचा ॲंटेना बहुतेक घरांत सगळ्यात वाईट जागी असतो. ज्यांच्या मदरबोर्डवरच वायफाय आहे त्यांनी टॉवरच्या मागे बघावं: दोन पितळी आटे रिकामे दिसले तर सोबत आलेले ॲंटेना अजून खोक्यातच आहेत. ते न लावताही वायफाय थोडंफार चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

उरलेलं दुखणं वीजबचतीचं दिसतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली तुमच्या डोंगलच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल, तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते. ती खूण काढा. तो भाग दिसलाच नाही तर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. डेस्कटॉप कायम विजेवर असतो, या बचतीचा त्याला काही उपयोग नाही.

एवढं करून पुढे कधी नवीन काही घ्यायचं झालं तर तसलाच चिमुकला डोंगल घेऊ नका. ५ गिगाहर्ट्झ चालणारं आणि तारेवरचा ॲंटेना टेबलावर ठेवता येईल असं आतलं कार्ड घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी असते, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ लाच त्रास देतात, आणि काकांनी सांगितलेला गोंगाटही तिथे बराच कमी. भिंती मात्र ५ ला जास्त अडवतात, तेव्हा दोन भिंतींनंतर किती उरतं ते फोनवर आधीच बघून घ्या. तुमच्या फोनला अडचण नाही, म्हणजे आशा आहे.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर जे यंत्र जागचं हलत नाही त्याला तारच लावावी. ईथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते, कोणत्याही घराला ती पुरते, आणि वरच्या सगळ्या भानगडींतला एकही प्रश्न तिथे येत नाही.


प्रेषक: खजिनदार

मग मेशचाही उपयोग आहे! आमच्या आतल्या खोक्याला मागे केबलची जागा आहे. ताईंनी मेश घेतलं तर संगणक त्याला केबलने जोडता येईल ना?


प्रेषक: संकेतस्थळ समिती

नक्कीच येईल, आणि लांब केबल ओढणं शक्य नसेल तेव्हा मी तोच मार्ग सुचवेन. संगणकाचा स्वतःचा ॲंटेना बाजूला पडतो आणि दोन भिंतींपलीकडे बोलायचं काम मेशच्या मोठ्या ॲंटेनांवर जातं. खोकी एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील तर वेग थोडा कमी मिळेल, बैठकीला आणि अपलोडला पुरेसा असेल. फक्त ते खोकं डिस्कच्या शेजारी ठेवू नका.


प्रेषक: चिटणीस

वीजबचतीची खूण काढली, तेव्हापासून पडून राहिल्यावरही जोडणी टिकते. चित्रफिती रांगेने चढतायत, गेल्या वार्षिक सभेपर्यंतच्या सगळ्या आता क्लाउडवर आहेत, दुवा उद्या पाठवते.

दारांच्या कडेने राउटरपर्यंत मोजलं, वळणं धरून साधारण अठरा मीटर भरतं. दाराखालून जाईल अशी चपटी, कॅट ६ प्रतीची, वीस मीटरची केबल कोणाकडे पडून असेल तर कळवा. विकत घेण्याआधी एकदा जमिनीवर पसरून बघायची आहे.