गोधडीचा काठ: तुमचे अनुभव लिहा

माहेरची_चिंच
परवा पावसाने उघडीप दिली म्हणून माळ्यावरची गाठोडी खाली काढली, आईच्या गोधड्या उन्हात टाकल्या. एकीचा काठ पार विरलाय, हात लावला की सुटतोय. मधलं अंग मात्र धडधाकट. आईचा धावदोरा असा घट्ट की एक टाका हललेला नाही.

विरलेला काठ उसवायला घेतला तर त्याखाली दुसरा निघाला, अंजिरी. तो जरा उचलून पाहिला तर खाली तिसरा, काळपट हिरवा, बारीक रुईफुलाचा. हा आजीच्या नऊवारीचाच, मला आठवतोय तिच्या पायाशी लोळताना. म्हणजे आमच्यात काठ विरला की काढत नव्हते, त्याच्यावर नवा चढवत होते. आता चौथा लावायची पाळी माझी.

तिथेच गच्चीवर बसून राहिले. आई गोधडी घालायला बसली की मला आणि भावाला दोन कोपऱ्यांवर बसवायची. "हलू नका रे, ताण गेला की घोळ येतो." भाऊ तिथेच झोपून जायचा. आई म्हणायची, गोधडी मधून नाही फाटत, कडेनं फाटते. खरंच आहे. ओढून घेतो ती कड, पायाखाली जाते ती कड, धुतल्यावर दोघं दोन टोकं धरून पिळतात तीही कडच.

मशीन येतं मला, पण गोधडीला कधी काठ लावलेला नाही. तुम्ही कसा लावता? कोपरे कसे वळवता? कुणाकडून शिकलात? सगळं लिहा, मला हवंय.

निळी_शाई
तीन काठ!! उसवू नकोस गं काहीच. 🙏

भीमाकाठ
आमच्याकडे वाकळ म्हणतात. सासूबाईंकडून शिकलेली गोष्ट सांगते. नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट. पाच बाय सातच्या वाकळंचा घेर २४ फूट. म्हणजे लुगड्याचा एक काठ अख्ख्या वाकळंला फिरून वर तीन फूट उरतो, मधे जोड नाही. जोड नाही म्हणजे उसवायला जागा नाही. आणि लुगड्याला काठ दोन, म्हणजे एका लुगड्यात दोन वाकळांचे काठ. त्यांनी कधी टेप वापरली नाही, हाताने मोजायच्या. सहावारीचा काठ १८ फुटांतच संपतो, त्यामुळे आता आम्हाला जोड द्यावाच लागतो. जोड कोपऱ्यावर येऊ द्यायचा नाही, बाजूच्या मधोमध घ्यायचा.

माहेरची_चिंच
भीमाकाठताई, हे वाचून आत्ता जाऊन मोजलं. हिरव्या काठाला खरंच एकच जोड आहे, सुरुवात-शेवट भेटतात तिथला! अंजिरीला दोन.

शिवणटिपण
बावीस वर्षं शिवणवर्ग घेते आहे. काठ मिळत नसेल तर सुती कापडाची दुहेरी पट्टी लावा, टिकायला तीच चांगली. अडीच इंच रुंद पट्ट्या कापायच्या, तिरकस जोडायच्या (सरळ जोडल्या की जोडाच्या जागी जाड गाठोळं होतं), मग लांबीत अर्ध्यात दुमडून इस्त्री. २४ फूट घेराला २५ फूट पट्टी धरा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या लागतात, पाऊण मीटर घेतलंत की निवांत.

गोधडीच्या सुलट बाजूला कडेशी कड लावून पाव इंचावर टीप. सुरुवात बाजूच्या मध्यापासून. पट्टी ओढायची नाही, नाहीतर गोधडी वाटीसारखी वळते, हे वर्गात रोज सांगते.

कोपरा: पाव इंच आधी थांबा, मागेपुढे टाका घेऊन दोरा पक्का करा, गोधडी मशीनखालून काढा. पट्टी वरच्या दिशेला दुमडा, तिरकी घडी पडेल. मग तीच पट्टी सरळ खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेबरोबर जुळली पाहिजे. आता दुसरी बाजू अगदी वरच्या कडेपासून शिवायची. उलटवलं की कोपरा आपोआप टोकदार बसतो. आधी कागदावर करून बघा, पाच मिनिटांत कळेल. उलट बाजू मात्र हातानेच.

सरळ कडेला सरळ पट्टी पुरते. कोपरे गोल असतील तरच उरेब (कापडाच्या तिरप्या दिशेने) कापावी.

चांदणभूल
मागची बाजू मशीनवर का नाही काकू? मी तर मारते टीप.

शिवणटिपण
मारा की, चुकीचं नाही. रोजच्या धुण्याच्या गोधडीला मशीनच बरं. पण मागे टीप सरळ येत नाही, कुठे पट्टी सुटते, कुठे टीप पट्टीवरून उतरते. हाताने सुई घडीच्या आतून काढत गेलात की टाका दिसत नाही आणि एक तुटला तरी पुढचे धरून राहतात. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की पीळ पडतो.

पायवाट_७२
आई लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून द्यायचं काम माझं. उशीला टोचून ठेवायचो, ओळीत. संध्याकाळी परत आलो की सगळ्या रिकाम्या. त्यावरून कळायचं आज किती काम झालं. दहाच्या दहा रिकाम्या असल्या की मला फार आनंद व्हायचा आणि तिची बोटं बघितली की जायचा.

७२च्या दुष्काळात मोठ्या बहिणीच्या लग्नात द्यायला गोधडी हवी होती, घरात धड लुगडं नव्हतं. वडिलांनी फेटा काढून दिला. आईने तो उभा चिरून काठ केला. गुलाबी. बहिणीकडे आहे अजून.

निळी_शाई
पायवाटदादा 😢

भीमाकाठ
फेटा काढून दिला... दादा, हे आमच्या ह्यांना वाचून दाखवलं.

हळदीकुंकू_कराड
सुई ओवण्यावरून आठवलं, माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यानंतर त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर सुई ओवून दाखवली! सगळ्या घराला बोलावून.

चांदणभूल
किती गोड. कुठला डोळा झाला? आमच्या आईचाही करायचाय, ती घाबरते आहे.

हळदीकुंकू_कराड
उजवा. दुसरा दिवाळीनंतर. आईंना सांग, अर्ध्या तासात सुट्टी दिली यांना. नंतर थेंब तेवढे वेळेवर.

दुपटंवाली
बाळाच्या दुपट्यांबद्दल लिहायलाच आले. गाठी आत ओढून घ्या आणि सुटा दोरा एकही ठेवू नका. माझ्या लेकीच्या पायाच्या अंगठ्याला दुपट्याच्या काठाचा दोरा गुंडाळला होता, रात्रभर रडली, आम्हाला वाटलं पोट दुखतंय. सकाळी मोजे काढले तर अंगठा लाल-जांभळा. कात्रीने दोरा काढला, वेळेत कळलं. त्यानंतर प्रत्येक दुपट्याची कड बोटाने चाचपूनच वापरते. जरीचा काठ तर बाळाला नकोच, टोचतो. जुन्या धोतराची पट्टी सगळ्यात मऊ.

मुक्काम_टोरांटो
इथे ड्रायर गोधड्यांची कड खातो. आईने दिलेल्या गोधडीची कड दोन वर्षांत दशा दशा झाली. हौशी रजई शिवणाऱ्या बायकांचा गट आहे जवळ, तिथे घेऊन गेले. शिवणटिपण काकूंनी लिहिलंय तीच दुहेरी पट्टी त्यांनी शिकवली. टाचण्यांऐवजी केसांच्या टिकटॉक पिना लावतात, जाड गोधडीला टाचणी वाकते ना.

पण त्या बायका काठापेक्षा आईच्या टाक्यांकडेच बघत बसल्या. कडेपासून आत आत फिरत मध्यापर्यंत आलेला धावदोरा. एकीने विचारलं, हे आखलं कशाने? मी म्हटलं, आखलं नाही, आधीच्या ओळीला बोट लावून पुढची ओळ. तिने माझा हात धरला नुसता.

आता ड्रायर बंद. कठड्यावर वाळवते.

हल्याळची_सून
माझं सासर उत्तर कन्नडमध्ये. आमच्या भागात सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी शिवतात, गोधडीचीच बहीण. त्याही कडेपासून सुरू करून आत फिरत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात. फुलांशिवायची कवंदी म्हणजे उघडी, असं त्या मानतात. एका मावशींकडून शिकून मी आमच्या गोधडीला लावली. दिसतात तर छानच, पण कोपऱ्याला कापडाचे जास्तीचे थर येतात, त्यामुळे विरण्याची जागाच भक्कम होते.

आणि आमच्या आजेसासूबाई शेवटची बाजू बंद करण्याआधी आत भाकरीचा कुटका ठेवायच्या. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणायच्या. मीही ठेवते, नखाएवढा.

चांदणभूल
मुंग्या नाही लागत?

हल्याळची_सून
नखाएवढा गं. कडक वाळलेला. आजवर नाही लागल्या.

रविवारपेठ
दुकानात टाकू नका एवढंच सांगायला आलो. आईची गोधडी एका ठिकाणी दिली, त्यांनी कडेला नुसतं इंटरलॉक मारून वर लेस लावली. पहिल्याच धुण्यात लेस आटली, गोधडी कडेनं चुण्या चुण्या. वर लाल रंग सगळीकडे उतरला. मी दोन दिवस जेवलो नाही नीट. शेजारच्या काकूंनी सगळं उसवून जुन्या साडीची पट्टी लावून दिली तेव्हा जीवात जीव आला.

शिवणटिपण
म्हणूनच कोरं कापड आधी भिजवून, वाळवून, मगच कापायचं. जुनी गोधडी आटायची तेवढी आटलेली असते, कोरी पट्टी नंतर आटते. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. फडकं रंगलं तर ते कापड गोधडीला लावू नका.

कुकर_झाला
पुण्यात सुती अस्तराचं कापड कुठे मिळेल बरं? पॉलिस्टर मिसळलेलं नको.

रविवारपेठ
रविवार पेठेत या. दुकानदार सांगेल ते खरं धरू नका, एक धागा काढून जाळून बघा. सुती कागदासारखं जळतं आणि राख भुरभुरते, पॉलिस्टरचा मणी होतो.

कुकर_झाला
दुकानात कसं जाळू 😀 नमुना मागून घेते, घरी जाळीन.

पायवाट_७२
चिंचताई, कुठवर आलं?

माहेरची_चिंच
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सगळं दोनदा वाचलं. उसवलं नाही काही. अंजिरी आणि हिरवा तसेच आत, वरचा विरलेला सपाट बसेल इतपत कच्च्या टाक्यांनी धरला. थर जाड झाले म्हणून अडीचऐवजी तीन इंची पट्टी कापली, माझ्याच एका मोरपंखी सुती साडीची, खूप धुतलेली आहे त्यामुळे आटायची भीती नाही. कागदावर कोपरा तीनदा केला, चौथ्यांदा जमला.

पुढून चारी बाजू झाल्या. मागून हाताने दोन झाल्या. तिसरीला थर फार सरकत होते, काही केल्या ताण येईना. काल भाऊ आला होता, त्याला पायवाटदादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलला नाही. गोधडी पसरलेली होती, जाऊन कोपऱ्यावर बसला. बावन्न वर्षांचा आहे आता.

तिसरी बाजू काल पुरी झाली. चौथीला तो रविवारी येतो म्हणालाय. भाकरीचा कुटका वाळत ठेवलाय.