मदत हवी आहे: मेघालयातल्या गुहांसाठी हेडलॅम्प आणि बॅटरी

डोंगरवेडी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही आठ जण मेघालयात जातोय. मावस्माईसारख्या आत दिवे लावलेल्या पर्यटकांच्या गुहेसाठी नाही, तर सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या क्रेम मावम्लूसाठी ('क्रेम' म्हणजे खासी भाषेत गुहा). जमलं तर आणखी एखादी पाण्याची गुहा. स्थानिक गाईड ठरलाय. आत पाच-सहा तास, मध्येमध्ये कंबरेपर्यंत पाणी, काही ठिकाणी रांगत जायचं, असं त्याने सांगितलंय.

आमच्याकडे रात्रीच्या ट्रेकचे हेडलॅम्प आहेत, तीन छोट्या पेन्सिल सेलवर चालणारे. सह्याद्रीत त्यांनी कधी अडवलं नाही. पण हरिश्चंद्रगडावर दिवा गेला तर चांदणं असतं, निदान खाली गावातले दिवे तरी दिसतात. गुहेत हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही म्हणे.

तर हेच दिवे चालवून घ्यावेत, की नवे घ्यावेत? १८६५० सेलचे (जाडजूड रिचार्जेबल लिथियम सेल), की पेन्सिल सेलचे, की यूएसबीने चार्ज होणारे? उजेड किती लुमेनचा लागतो? माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. तो म्हणतो, 'जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडतो, त्यातल्या सेलचा पॅक करून हेल्मेटच्या मागे लावतो, फुकटात काम.' मला धडकी भरलीय. माणशी तीन हजारांच्या आत बसवायचंय.

सोल्डरगन

ताई, आधी लुमेन डोक्यातून काढा. डब्यावरचा १००० लुमेनचा आकडा पहिल्या काही मिनिटांचा असतो. एलईडी तापला की सर्किट स्वतःहून उजेड खाली आणतं. गुहेत चालायला १०० ते २०० लुमेन पुष्कळ झाले, बसून डबा खायला ३० सुद्धा चालतात. तो १०० ते २०० चा उजेड शेवटच्या तासापर्यंत टिकेल का, हे बघायचं.

आता हिशोब. १५० लुमेनसाठी बऱ्यापैकी दिवा साधारण दीड वॉट खातो. तुमच्या लॅम्पमध्ये रिचार्जेबल छोटे पेन्सिल सेल घातले तर ३ × १.२ व्होल्ट × ०.८ अँपिअर-तास, म्हणजे जेमतेम २.९ वॉट-तास. दोन तासांत खेळ खलास. चांगला १८६५० सेल ३५०० एमएएचचा, म्हणजे ३.५ अँपिअर-तासांचा असतो. त्यात सुमारे १२.५ वॉट-तास मावतात, म्हणजे कागदावर आठ तास. सर्किटचा खर्च आणि सेलचं वय धरून सहा समजा. खिशात एक जादा सेल ठेवलात की दिवस निघाला.

डब्यावरच्या '४० तास'लाही भुलू नका. एएनएसआय या अमेरिकन मानक संस्थेच्या टॉर्चसाठीच्या एफएल-१ मानकात रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. ३०० चा ३० वर आला तरी दिवा 'चालू'च धरतात. त्या आकड्याशेजारी उजेडाचा आलेख दिला असेल तर तो बघा. रेष बराच वेळ आडवी राहून मग एकदम पडत असेल तर सर्किट रेग्युलेटेड, म्हणजे उजेड एकसारखा ठेवणारं आहे. पहिल्यापासूनच घसरगुंडी असेल तर नाही.

लॅपटॉपच्या सेलबद्दल: भावाला म्हणावं, घरच्या टेबलावर हवे तेवढे प्रयोग कर, पण गुहेत नेऊ नकोस. कुठला सेल किती झिजलाय हे बाहेरून कळत नाही. झिजलेला आणि धडधाकट असे दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक लावले की झिजलेला आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो आणि रिकाम्या सेलचे प्लस-मायनस उलटे होऊ शकतात. लिथियमला हे सोसत नाही. तेही डोक्याच्या मागे, अरुंद फटीत. नकोच.

जुनाट_ट्रेकर

सोल्डरगन यांच्याशी निम्मा सहमत. १८६५० उत्तम, पण आडगावात संपला तर कुठून आणणार? साध्या पेन्सिल सेलचा, म्हणजे एए साइजचा हेडलॅम्प घ्या आणि एनेलूपसारखे, पडून राहिल्यावर चार्ज कमी गमावणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा. २००० एमएएच देतात, वर्षभर कपाटात पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात आणि तापून पेट घ्यायची भीती नाही. अगदीच गरज पडली तर कुठल्याही टपरीवर पेन्सिल सेल मिळतोच.

आणि दिवे तीन. माणशी तीन! दोघांत एक वगैरे नाही. पहिला हेल्मेटवर, दुसरा तसाच गळ्यात किंवा हेल्मेटच्या बाजूला, तिसरा बॅगेत. तिन्हींची बॅटरी वेगळी हवी. एका पॅकवर दोन दिवे जोडले तर तो एकच दिवा समजायचा. मोबाईलचा टॉर्च यात धरायचा नाही.

सोल्डरगन

टपरीवरचा सेल बहुतेक वेळा झिंक-कार्बनचा निघतो, घड्याळात आणि रिमोटमध्ये घालायचा. हेडलॅम्पचा करंट मागितलात की मान टाकतो. पण निदान दुसरा दिवा एए सेलचा असावा, हे पटलं. मुख्य १८६५० चा आणि राखीव एएचा, म्हणजे एकाच तऱ्हेच्या बिघाडाने दोन्ही जात नाहीत.

यूएसबीवाला, आत बॅटरी पक्की बसवलेला दिवा मात्र मुख्य म्हणून नको. संपला की पॉवरबँक जोडायची, म्हणजे रबराचं झाकण उघडायचं, तेही चिखलाच्या हाताने आणि वरून पाणी ठिबकत असताना.

डोंगरवेडी

खूप धन्यवाद दोघांना. लॅपटॉपचा बेत रद्द. भाऊ थोडा रुसलाय. त्याचा नवा प्रश्न: आहेत त्याच तीन सेलच्या हेडलॅम्पला बाहेरून एक १८६५० जोडला तर? तीन सेलचे ४.५ व्होल्ट, १८६५० पूर्ण चार्ज असताना ४.२. म्हणजे व्होल्टेज जास्त होत नाही.

सोल्डरगन

भाऊ योग्य दिशेने विचार करतोय. असं करतात आणि चालतं. पण दोन अडचणी आहेत.

स्वस्त हेडलॅम्पमध्ये ड्रायव्हर, म्हणजे करंट आवरणारं सर्किट नसतं, नुसता एक रेझिस्टर असतो, कधी तोही नसतो. अल्कलाइन सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे करंट आपोआप दबून राहतो. लिथियम सेलचा रोध फारच कमी, तो मागाल तेवढा करंट देतो आणि एलईडी भाजून निघतो. म्हणून आधी मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावून दोन्ही प्रकारे करंट मोजा. आकडा एकदम वर गेला तर छोटा रेझिस्टर घाला नाहीतर नाद सोडा.

दुसरं, हे दिवे अल्कलाइनसाठी बनवलेले. व्होल्टेज कितीही खाली गेलं तरी ते सेल पिळत राहतात. लिथियम अडीच व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून व्होल्टेज फार खाली गेलं की सेल आपोआप तोडणारं प्रोटेक्शन सर्किट असलेलाच सेल घ्या. तो ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर लांब भरतो, होल्डर त्या मापाचा बघा.

सेलवर थेट सोल्डर मारायचं नाही, वायर होल्डरला जोडायची. होल्डरची स्प्रिंग हेल्मेट आपटलं की सुटते आणि दिवा लुकलुकतो. सेल आणि झाकणाच्या मध्ये फोमचा तुकडा दाबून बसवा. सांधे बुजवायला सिलिकॉन वापराल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या अॅसिडने तांब्याला हिरवं चढतं. न्यूट्रल क्युअर मागा. झाकणाच्या रबरी कडीला (ओ-रिंग) सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने काही रबरं फुगतात.

एवढं सगळं करून जो दिवा तयार होईल तो दोन किंवा तीन नंबरचा. मुख्य दिवा विकतचाच घ्या.

पाइनवारा

मी नोकरीनिमित्त शिलाँगला असतो. मावम्लू सुमारे ७ किलोमीटर लांब आहे. इथल्याच एका लवणस्तंभाच्या नमुन्यावरून ४२०० वर्षांपूर्वीपासूनच्या काळाला २०१८ मध्ये 'मेघालयन' नाव मिळालं, तेव्हा जाताय ती जागा साधी नाही. काही हातात घेऊ नका, तोडू नका.

आत हवा दमट, श्वासाची वाफ होते. निळसर पांढरा उजेड त्या वाफेवर आपटून परत डोळ्यांत येतो, गाडीचे दिवे धुक्यात अपर बीमवर टाकल्यावर येतो तसा. न्यूट्रल व्हाइट, ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) घ्या. चिखल, दगड आणि पाण्याखालचा खड्डा यातला फरक त्यात नीट कळतो. झोत पसरट हवा, लांब मारा करणारा अरुंद नको. पायाखालचं आणि डोक्यावरचं एकदम दिसलं पाहिजे.

दिवा पाण्यात किती टिकतो हे आयपीएक्स आकड्यावरून कळतं. आयपीएक्स४ म्हणजे नुसते शिंतोडे. किमान आयपीएक्स७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ मिळाला तर उत्तम. घरी बादलीत बुडवून बघा, हे इथे येऊन कळायला नको.

वटवाघळं दिसली तर उजेड कमी करून खाली वळवा, लाल दिवा असेल तर तो लावा. गाईड थांबा म्हणाला की थांबा.

कुतूहल४२

जरा अवांतर. हेच दिवे घेऊन जैंतिया हिल्सच्या कोळशाच्या खाणीही बघता येतील का?

पाइनवारा

अजिबात नाही. त्या रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्याच क्सानच्या खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर आत अडकले होते. शिवाय कोळशाच्या खाणीत मिथेन असू शकतो. तिथे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने मान्य केलेला कॅप-लॅम्पच लागतो, साध्या स्विचची ठिणगीही पुरते. चुनखडीची गुहा आणि कोळशाची खाण यांची गल्लत करू नका.

डोंगरवेडी

अपडेट देते. सोल्डरगन यांचं वाचून जुना हेडलॅम्प भिंतीकडे तोंड करून लावला, मोबाईल स्टँडवर ठेवून एक्स्पोजर लॉक केलं आणि दर अर्ध्या तासाने फोटो काढला. समोर बसलं तर फरक कळत नाही, डोळे सरावतात. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र डोळे उघडले. दुसऱ्या तासाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत नव्हतं.

आता असं ठरतंय: मुख्य दिवा १८६५० चा, सगळ्यांचा एकच मॉडेल, म्हणजे सेल कोणाचाही कोणालाही चालेल. दुसरा एए सेलचा. जुने हेडलॅम्प नवे सेल घालून तिसरे. सेल मात्र ऑनलाइन '९९०० एमएएच' लिहिलेले फार स्वस्तात दिसताहेत. घ्यावेत का?

सोल्डरगन

१८६५० च्या मापात फार तर ४००० एमएएचच्या आसपास मर्यादा येते. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिकवाले ३४००-३५०० वर आहेत, तर हा ९९०० कुठून आणणार? स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली पुष्कळदा तिशीतच. पुण्यात असाल तर बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराला बिल मागा, तो का कू करायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

सगळे सेल एकाच खेपेचे घ्या, मार्करने नंबर टाका आणि कुठला कुणाच्या दिव्यात आहे ते लिहून ठेवा. दोन सेलचा दिवा असेल तर ती जोडी कधी मोडू नका.

जुनाट_ट्रेकर

बटणाबद्दल कोणी बोललं नाही. दुकानात हातमोजा घालून दाबून बघा. काही दिव्यांना चार वेळा दाबल्याशिवाय मधला उजेड येत नाही आणि पाचव्यांदा डोळे दिपवणारी लुकलुक सुरू होते. पुढे चाललेल्याने मान वळवली की मागच्याच्या तोंडावर! फिरवायची कडी असलेला दिवा मिळाला तर तोच घ्या.

डोंगरवेडी

हे लक्षात ठेवते, काका. शेवटचं एकच. पुण्याहून गुवाहाटी विमानाने आहे. एवढे सेल नेऊ देतील?

पाइनवारा

सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिन बॅगेतच. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत, टोकं उघडी नकोत. एका सेलची मर्यादा १०० वॉट-तास असते, तुमचा साडेबाराचा आहे, त्यामुळे अडचण नाही. पण सगळे एकाच्या बॅगेत भरू नका, आठ जणांत वाटून घ्या. दिव्यातला सेल काढून ठेवा, बॅगेत बटण दाबलं जाऊन दिवा तापतो. चार्जर दोन-तीन घ्या. होमस्टेत वीज रात्रभर राहीलच असं नाही, म्हणून शिलाँगलाच सगळे भरून घ्या.