मदत हवी आहे: इंटर्नल फिल्टर गप्पीची पिल्लं ओढून घेतोय

टाकी 2 × 1 × 1 फूट, प्रत्यक्ष पाणी साधारण 45 लिटर. गप्पी आणि थोडे चेरी श्रिंप (छोटी कोळंबी). इंटर्नल (टाकीत पाण्याखालीच बसणारा) फिल्टर, छापील प्रवाह ताशी 600 लिटर. खालच्या डब्याला उभ्या चिरा, रुंदी अडीच मिमी. नवी पिल्लं (6-7 मिमी) त्यातून आत शिरतात आणि जाळी व आतला स्पंज यांच्या फटीत अडकून मरतात. मोठ्या माशांना काही होत नाही. फिल्टर न बदलता काय करता येईल? स्टॉकिंग बांधलं तर चालेल का?

काचपेटी
रात्रीपुरतं चालेल. स्टॉकिंगची वीण बारीक असल्याने ते एक-दोन दिवसांत शेवाळ आणि विष्ठेने तुंबतं. मग उघड्या राहिलेल्या थोड्याशा जागेतून ओढ आणखी वाढते आणि पिल्लू आत जात नाही, पण कापडाला चिकटून मरतं. स्टीलच्या बारीक जाळीचंही तेच. तांब्या-पितळेची जाळी तर श्रिंप असलेल्या टाकीत नकोच, तांबं त्यांना विषारी असतं.

पाणघोडा
चिरा बुजवण्यापेक्षा ओढीचा वेग कमी करणं महत्त्वाचं. हिशेब बघा: ताशी 600 लिटर म्हणजे सेकंदाला 167 घन सेंमी. चिरांची एकूण मोकळी जागा 8 चौ. सेंमी धरली, तर तोंडाशी वेग सेकंदाला 20 सेंमीच्या वर जातो. नवजात पिल्लू त्याच्यापुढे टिकणार नाही. तेच पाणी 200 चौ. सेंमी फोममधून आलं तर वेग 1 सेंमीच्याही खाली येतो. अर्थात पाणी जवळची वाट धरतं. फोम पातळ असेल तर चिरांसमोरचाच भाग ओढतो आणि बाकीचा नुसता शोभेला. म्हणून जाडी 2 सेंमी तरी हवी.

मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टर फोमचा तक्ता मिळतो. पिल्लांसाठी 20-30 पीपीआय (एका इंचात तेवढी छिद्रं) घ्या. श्रिंपची पिल्लं जेमतेम 2 मिमीची असतात, त्यामुळे तुमच्याकडे 30च बरा. गादीवाल्याकडचा फोम नको, त्यात बुरशीरोधक किंवा आगरोधक रसायनं असू शकतात.

आधी प्लग काढा, मगच हात पाण्यात. डब्याचा घेर मोजून त्यात 4 सेंमी वाढवून पट्टी कापा, म्हणजे जोड घट्ट दाबून बसतो. पट्टी फक्त चिरांच्या उंचीवर गुंडाळायची. वरचा मोटरचा भाग उघडाच ठेवा, तो पाण्यानेच थंड राहतो. सक्शन कपांसाठी भोकं पाडा. पाठीकडे 1 सेंमीचा फोम लावा, नाहीतर कप काचेला पोचत नाहीत. तळालाही चिरा असतात, तिथे वेगळा चौकोनी तुकडा हवा. पिल्लं तिथूनही जातात. बांधायला नायलॉनचा दोरा किंवा केबल टाय. सुती दोरा कुजतो, रबरबँड सुटतं.

धागाकर्ता
बसवला. पण प्रवाह निम्म्यावर आलाय आणि मोटर घरघरतेय. इम्पेलर (मोटरचं पाणी ढकलणारं पातं) जाईल का?

पाणघोडा
फोम कोरडाच बसवलात का? छिद्रांत अडकलेली हवा मोटरमध्ये जाते आणि घरघर होते. काढून पाण्याखाली चार-पाच वेळा पिळा आणि पाण्याखालीच चढवा. तरीही आवाज राहिला तर फोम उतरवून बघा. प्रवाह लगेच पूर्ववत झाला तर फोम फार बारीक आहे. नाही झाला, तर आतला स्पंज किंवा इम्पेलरची खोबण तुंबलीय.

थोडा प्रवाह घटला तर बिघडत नाही. 45 लिटरला ताशी 200-250 लिटर पुष्कळ झाले. ताशी 600 लिटरचा प्रवाह गप्पींना तसाही जास्तच. आतला स्पंज लगेच फेकू नका, पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू सगळे त्यातच आहेत. बाहेरच्या फोममध्ये वस्ती व्हायला 4-6 आठवडे द्या.

शेवाळराव
एक भर. धुताना फिल्टर बंद केल्याशिवाय फोम काढू नका, साचलेला गाळ आणि आसपासची पिल्लं एका झटक्यात आत जातात. पांढऱ्या टबात टाकीचंच पाणी घेऊन फोम हळूहळू पिळा. श्रिंपची पिल्लं गाळात हलताना दिसतात, ती ड्रॉपरने परत सोडता येतात. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. प्रवाह मंदावलेला दिसला की धुवायचा, कॅलेंडर बघून नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा, पाइपांनी जोडलेला फिल्टर) असेल तर पाइपावर चढणारा तयार गोल स्पंज घ्या. भोक पाइपाच्या मापाचं (12 किंवा 16 मिमी) आणि एका टोकाला बंद असलेलं हवं. प्रवाह कमी करायचा तर आउटलेटची (पाणी टाकीत परत सोडणारी) तोटी फिरवा. इनटेकची (पाणी ओढून घेणारी) आवळलीत तर मोटर उपाशी राहते, बुडबुडे आणि आवाज सुरू.

आणि मोठा मासा इनटेकला चिकटलेला दिसला तर बहुधा तो आधीच आजारी किंवा मेलेला असतो. अशा वेळी फोमच्या मागे लागण्याआधी पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट तपासा.

धागाकर्ता
पाण्याखाली पिळून चढवला, घरघर थांबली. तळाचा तुकडा राहिला होता, तो उद्या बांधतो. तोवर फिल्टर बंद करून एअर पंपावरचा स्पंज फिल्टर लावलाय.

काचपेटी
तो काढूच नका. पंप साधा असला तरी पिल्लांच्या कोपऱ्यात राहू दे, त्याची ओढ नगण्य असते आणि पिल्लं त्याच्यावरचा थर टिपून खातात.