अजिंक्य, अपराजित की नुसतेच विजेते?

लेखनिक: एका दिवाळी अंकासाठी उरुग्वेच्या पहिल्यावहिल्या फुटबॉल लीगवर लेख दिला आहे. साल १९००, गाव मोंतेविदेओ, संघ अवघे चार: आल्बियन, उरुग्वे अ‍ॅथलेटिक, जर्मनांचा डॉइचर फुसबॉल क्लब आणि सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब. (हो, क्रिकेट क्लबच. इंग्रजांच्या रेल्वे कंपनीतल्या लोकांनी १८९१ मध्ये काढलेला.) प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे सहा सामने. रेल्वेवाल्यांनी सहाही मारले. मी लिहिलं, 'रेल्वेचा संघ अपराजित राहून विजेता ठरला'. प्रूफ आलं तर 'अपराजित'वर काट, वर 'अजिंक्य' आणि समासात शेरा: 'हा शब्द जास्त भारदस्त'. मला खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाहीये.

ओसरी: खटकायलाच हवं. अपराजित म्हणजे हरला नाही, झाली गोष्ट. अजिंक्य म्हणजे जिंकता येणारच नाही असा. एका हंगामावरून एवढं मोठं विधान कसं करणार?

शाईची दौत: पण मग 'अजिंक्यपद स्पर्धा'चं काय? तिथे चार सामने हरलेलाही अजिंक्यपद घेऊन घरी जातो, आणि कोणी हू की चू करत नाही.

ओसरी: पदाचं नाव वेगळं, खेळाडूचं विशेषण वेगळं. 'अजिंक्यपद' आता गोठलेला शब्द आहे, त्यातलं 'अजिंक्य' कोणी उकलून वाचत नाही. 'तो संघ अजिंक्य होता' म्हटलं की मात्र मूळ अर्थ जागा होतो.

नानाकाका: थोडं व्याकरण. 'अजिंक्य' संस्कृत वाटतो, पण त्याच्या पोटात आपलं मराठी 'जिंक' आहे. संस्कृतात अजेय किंवा अजय्य. पाणिनीने 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे' असं सूत्रच केलंय: जय्य म्हणजे ज्याला जिंकणं शक्य आहे असा, जेय म्हणजे जिंकण्याजोगा. तेव्हा अर्थाने 'अजिंक्य' अजय्यच्या शेजारी बसतो.
आणि साताऱ्याचा किल्ला आठवा. १७०० मध्ये औरंगजेबाने तो घेऊन आझमतारा केला. ताराबाईंनी परत मिळवला आणि मग नाव ठेवलं अजिंक्यतारा. म्हणजे एकदा पडून झाल्यावर अजिंक्य! आपल्याकडे हा शब्द हिशेबापेक्षा हिंमत सांगतो. संपादकांची चूक म्हणू नका, त्यांचा कान तसा तयार झालाय.

लेखनिक: काका, साष्टांग नमस्कार. स्पॅनिशमध्ये हा घोळ नाही. तिथे असा संघ 'इन्विक्तो', म्हणजे तंतोतंत अपराजित, आणि विजेता 'कांपेओन'. हा दुसरा शब्द मुळात मैदानावरून आलाय, मैदानात उतरणारा तो कांपेओन. त्यात हरण्या-जिंकण्याचा संबंधच नाही.

शाईची दौत: पण 'अपराजित'ही इथे तोकडाच पडतो, ताई. तीन जिंकून तीन बरोबरीत सोडवले तरी संघ अपराजितच. सहाच्या सहा जिंकण्याला एक शब्द आहे का?

ओसरी: नाही. 'सहाही सामने जिंकून' लिहावं. प्रत्येक गोष्टीला एक शब्द हवाच असं कुठे आहे!

नानाकाका: शेजारी अर्जेंटिनात याच्या उलट पेच. १८९१ च्या पहिल्या लीगमध्ये सेंट अँड्र्यूज आणि ओल्ड कॅलेडोनियन्स यांचे गुण सारखे झाले. दोघांनाही विजेतेपद. पदकं कोणाला द्यायची म्हणून पुन्हा सामना खेळवला, तो सेंट अँड्र्यूजने ३-१ जिंकला. आता ओल्ड कॅलेडोनियन्सना काय म्हणाल? पराभूत विजेते?

शाईची दौत: 'संयुक्त विजेते' म्हणा आणि सुटा. त्या शेवटच्या सामन्यापुरतं 'पदकाला मुकलेले'.

लेखनिक: जाता जाता अजून एक. रेल्वेचा तो क्लब म्हणजेच आजचा पेन्यारोल, असं पेन्यारोलवाले म्हणतात. १८९९ मध्ये निघालेल्या नासिओनाल क्लबवाले ते मानत नाहीत, म्हणून 'देकानो', म्हणजे दोघांतला वडीलधारा क्लब, कोण यावर भांडण आहे. 'ज्येष्ठ' लिहावं का?

नानाकाका: 'थोरला' लिहा. भाऊबंदकीचा वाद आहे, थोरली पाती कोणाची, धाकटी कोणाची. मराठी वाचकाला दुसरं काही समजवावं लागणार नाही.

लेखनिक: 'थोरला' घेतला. संपादकांशी फोनवर बोलले. मजकुरात 'सहाही सामने जिंकून' जाईल. मथळ्यातलं 'अजिंक्य' मात्र ते सोडायला तयार नाहीत.