रिसर्च मेथडॉलॉजी नुसती ऐकून जमते का?

हडपसरची_बाई:
नमस्कार मंडळी. मी हडपसरला शाळेत शिकवते, राहायला कोथरूडला, आणि आत्ता 43व्या वर्षी एम.ए. एज्युकेशन बाहेरून करायचं खूळ डोक्यात घेतलंय. वाचायला वेळ म्हणाल तर शून्य. जाऊन-येऊन रोजचे तीन तास बसमध्ये जातात, त्यातले निम्मे उभ्यानं, एक हात दांडीला आणि दुसरा पर्सवर. मग म्हटलं कान तरी रिकामे आहेत ना, म्हणून रिसर्च मेथडॉलॉजीसाठी (संशोधन कसं करायचं तो पेपर) ऑक्सफर्डच्या एज्युकेशन डिपार्टमेंटचे सेमिनार डाउनलोड केले, शिवाय स्वयमचे (सरकारी ऑनलाइन कोर्सचे) व्हिडिओ लावून फोन पर्समध्ये टाकते आणि नुसतं ऐकते.

आता गंमत अशी की मुलाखत कशी घ्यावी, वर्गात बसून निरीक्षण कसं करावं, हे सगळं मस्त डोक्यात बसतं, पण सॅम्पलिंग (सगळ्यांतून थोडे कसे निवडायचे ते) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन आलं की पाटी कोरी. परवा तर स्टॉप हुकला. आणि लेक्चर सगळी इंग्रजीत, पेपर मी लिहिणार मराठीत, ते वेगळंच. कोणी असं कानांनी शिकलंय का? की उगाच मनाचं समाधान चाललंय माझं?

नेट_तिसऱ्यांदा:
ताई, कशासाठी करताय त्यावर आहे. नेटच्या (कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेच्या) पेपर 1 ला 50 प्रश्न, 100 मार्क, त्यात टीचिंग अ‍ॅप्टिट्यूडचे 5 आणि रिसर्च अ‍ॅप्टिट्यूडचे 5. त्या 20 मार्कांपुरतं ऐकून भागतं, मी बाइकवर एका कानात लावून केलंय (करू नका). पण काय-स्क्वेअर, टी-टेस्ट हे आकडेवारीच्या चाचण्यांचं गणित कागद-पेनाशिवाय होत नाही म्हणजे नाही.

सदाशिव_पेठी:
पुस्तक वाचावे. बसमध्ये झोपावे.

जयकरमधला_जुना_कोपरा:
पेठेतून सल्ला आला, आता विषयाकडे वळू 🙂 मी पंचवीस वर्षं बी.एड.च्या मुलांना हेच शिकवलं, आता रिटायर. बाई, तुम्हाला निरीक्षण समजतं आणि सॅम्पलिंग नाही याचं कारण कान नव्हे. निरीक्षण सांगणारा गोष्ट सांगतो, सॅम्पलिंग सांगणारा व्याख्या वाचतो. तेच सॅम्पलिंग ‘असर’च्या सर्व्हेवरून ऐका, म्हणजे खेड्यातल्या मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघरी जाऊन बघतात तो. जिल्ह्यातली 30 गावं, गावातली 20 घरं. गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात मध्यावर उभं राहायचं आणि डाव्या हाताला दर पाचवं घर धरत जायचं, अशी पाच घरं. दर पाचवंच का? नाहीतर सर्व्हेला गेलेलं पोरगं रस्त्यावरची, चहा देणारी घरंच उरकून येईल. आणि शाळेत न जाता घरी का जायचं? कारण जे मूल शाळेत आलंच नाही ते शाळेत मोजलं जाणार कसं? एवढं कळलं की रँडम (चिठ्ठी टाकल्यासारखं) आणि सिस्टिमॅटिक (ठरावीक अंतराने) हे शब्द नंतर चिकटवता येतात.

तसंच 1968 मध्ये छापलेला रोझेंथल आणि जेकबसनचा प्रयोग. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत शिक्षकांना सांगितलं की ही ही मुलं यंदा चमकणार, आणि नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली. पुढे पहिली-दुसरीतली त्यातली मुलं चाचणीत खरंच जास्त वर गेली. इथे ऑडिओ थांबवा आणि स्वतःला विचारा, स्वाश्रयी चल (आपण बदलतो ती गोष्ट) कुठला, आश्रयी चल (त्यामुळे बदलते ती) कुठला, आणि या प्रयोगावर नंतर टीका का झाली असेल? पुढचा स्टॉप येईपर्यंत डोकं चालवायचं, मगच प्ले दाबायचं. सलग ऐकणं म्हणजे कीर्तनात डुलकी.

मराठीचं म्हणाल तर रिलायबिलिटी म्हणजे विश्वसनीयता, व्हॅलिडिटी म्हणजे सप्रमाणता, हायपोथेसिस म्हणजे परिकल्पना. घोळ होतो पहिल्या दोघींचा. मंडईतला एखादा काटा दर वेळी बरोब्बर 50 ग्रॅम कमी तोलत असेल, तर तो विश्वसनीय आहे पण सप्रमाण नाही. हे तुमच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, परीक्षेत तोच आवाज आठवतो.

कानाचा_विद्यार्थी:
कागद-पेनाशिवाय होत नाही असं वर कोणी म्हणालं म्हणून खास लॉगिन केलं. मला लहानपणापासून दिसत नाही. समाजशास्त्रात एम.ए. झालो, स्टॅटिस्टिक्ससकट सगळं ऐकून आणि ब्रेलमध्ये. आकडेमोड हाताखाली लागते हे खरं, ते नाकारत नाही, पण कल्पना कळायला लागत नाही.

ताई, तुमच्याच बसचं घ्या. समजा एका रूटची बस तीन दिवस 9, 10 आणि 11 मिनिटांनी आली, दुसऱ्या रूटची 1, 10 आणि 19 मिनिटांनी. सरासरी दोन्हीची 10. पण तुम्ही भरवसा कुठल्या बसवर ठेवाल? सरासरीपासून किती लांब-लांब भटकलं, ते भटकणं म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. झालं! सूत्र रविवारी घरी.

माझा खरा वैताग वेगळाच आहे. वर्गातलं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून ऑडिओ म्हणून टाकतात आणि मग त्यात सर म्हणतात ‘आता इथे बघा, ही लाइन अशी वर गेली’. कुठे बघू? दहा मिनिटांत तीनदा ‘इथे बघा’ आलं की मी ते बंद करतो, तुम्हीही करा, पर्समधल्या फोनला तरी कुठे दिसतंय. त्यापेक्षा रेडिओसाठीच बनवलेलं ऐका. बीबीसी रेडिओ फोरवर आकड्यांचा ‘मोर ऑर लेस’ आणि समाजशास्त्राचा ‘थिंकिंग अलाउड’ आहे, तिथे आकडा तोंडानेच समजवावा लागतो. अ‍ॅक्सेंट जड गेला तर स्पीड 0.8 करा, लाज कसली.

हडपसरची_बाई:
अहो काय सांगू, काल मगरपट्ट्याच्या पुलाजवळ बस अडकली तेव्हा ते 1, 10, 19 डोक्यात घोळवत बसले होते आणि शेजारच्या काकूंना पण समजावलं, त्या म्हणाल्या आमची तर कायम 19 वालीच. सर, तुमचं चिठ्ठ्यांचं ऐकून जरा टोचलं, कारण आमच्या नववीत ‘हुशार’ तुकडी कोणती हे जूनमध्येच सगळ्या शिक्षकांना माहीत असतं. त्यावरच लघुप्रबंध करावा का? पण मीच तिथली शिक्षिका, मीच वर्गात मागे बसून बघणार म्हटल्यावर मुलं आणि मी दोघंही शहाण्यासारखे वागू, त्याचं काय करायचं?

‘इथे बघा’वाली सात लेक्चर होती. डिलीट केली.

जयकरमधला_जुना_कोपरा:
करा, जरूर करा. मागे बसायचं दोन आठवडे, आणि पहिल्या आठवड्याच्या नोंदी फेकून द्यायच्या. तोपर्यंत मुलं तुम्हाला विसरतात. शिक्षकांना मात्र जास्त वेळ लागतो.