समाधी कोणाला लागते?

व्याकरणप्रेमी, सांगली:
परवाच्या मैफलीबद्दल एका गृहस्थांनी लिहिले, ‘भैरवी ऐकता ऐकता समाधी लागली.’ हे वाचून राहवले नाही. समाधी हे अष्टांगयोगाचे आठवे आणि शेवटचे अंग आहे. गाणे ऐकणाऱ्याला तंद्री लागते, फार तर तो तल्लीन होतो.

मिरजेची लेक:
संस्कृतात तंद्रा म्हणजे पेंग. माझे वडील तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून तिच्या खालची घोडी नीट करत, तेव्हा कानशीने घोडी केसभर घासायची, तार छेडायची, तारेखालचा सुती दोरा किंचित सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचे, हे तासन् तास चाले. एकदा मी गुडघा फोडून घेऊन रडत समोर उभी राहिले, तरी त्यांची मान वर झाली नाही. मात्र तारेतला बारीकसा फरक त्यांना ऐकू येत होता. याला पेंग म्हणायचे? ‘तदेवार्थमात्रनिर्भासं स्वरूपशून्यमिव समाधिः’, म्हणजे त्यातच केवळ ध्येय वस्तू भासते आणि स्वतःचे भान जणू उरत नाही ती समाधी, या पतंजलीच्या योगसूत्रात डोळे मिटण्याची अट कुठे आहे?

व्याकरणप्रेमी:
त्यातल्या पहिल्याच पदाकडे आपण दुर्लक्ष केलेत. ‘तदेव’ म्हणजे आधीच्या सूत्रातले ध्यानच. ध्यानाची पायरी गाळून समाधी नाही.

मिरजेची लेक:
चाळीस वर्षे एकाच सुरावर मन ठेवणे हे ध्यान नव्हे, तर काय आहे?

कृष्णाकाठ, सातारा:
शब्दाची खरी हानी थडग्यांनी केली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या श्वानाच्या स्मारकालाही समाधी म्हणतात. यावर कोणीच का बोलत नाही?

माहुलीकर:
आमच्या घाटाला यात ओढू नका. लहानपणी आजोबांबरोबर मी त्या दगडी श्वानावरची धूळ पंचाने पुसली आहे. त्या धन्याने मुक्या जिवाची आठवण राखली, आणि तुम्हाला तिथे शब्दाची हानी दिसते? समाधी लागते, समाधी घेतात आणि समाधी बांधतात. क्रियापद बदलले की अर्थ कळतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, आणि आज आपण ‘माउलींच्या समाधीवर’ डोके टेकतो, तेव्हा कोणाचाही गोंधळ होत नाही.

कृष्णाकाठ:
आळंदीचे मान्य. माहुलीचे अजूनही नाही.

व्याकरणप्रेमी:
क्रियापदांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. मिरजेच्या ताईंच्या वडिलांना ‘तंद्री’ हा शब्द मी लावणार नाही, इतके मान्य करतो. भैरवी ऐकणारे ते गृहस्थ मात्र माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांनी मधे दोनदा फोन घेतला. त्यांना तल्लीन म्हणायलाही मी तयार नाही.