पहिलं घर: तुमचं कसं झालं, आणि आजच्या मुलांना जमतंय का?

उंबरठा
काल भाच्याच्या फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला साक्षीदार म्हणून गेले होते. कल्याण-शीळ रोडच्या बाजूला, डोंबिवली, वन बीएचके. नंबर यायला दुपार झाली. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा ठेवा, पुसा, परत ठेवा. भाच्याचा अंगठा काही केल्या उमटेना, इतका घाम. टेबलामागचा मुलगा म्हणाला, "राहू दे, इथे सगळ्यांनाच फुटतो," आणि रांग हसली.

तिथे बसल्या बसल्या आमचं १९९६ आठवलं. डोंबिवली पूर्व, वन रूम किचन, ३ लाख ६० हजार. माझ्या हातात ६ हजार यायचे, ह्यांना थोडे जास्त. व्याज १५ टक्क्यांच्या वर होतं, आजच्या मुलांना खरं वाटत नाही. माझ्या पाटल्या गेल्या, ह्यांनी पीएफमधून उचल घेतली, ऑफिसच्या भिशीचा पहिला नंबर सगळ्यांनी मिळून मला दिला. तरी घर म्हणजे माझे ६० पगार. भाच्याच्या हातात ७० हजार पडतात आणि घर ६८ लाखांचं. ९७ पगार.

हप्त्याचं एक वेळ ठीक आहे. ५४ लाख, ८ टक्के, वीस वर्षं, महिना ४५ हजार. दोघं कमावतात, भरतील. गोम आहे ती आधीच्या पैशात. या रकमेला बँक ८० टक्क्यांच्या वर देत नाही, म्हणजे १३ लाख ६० हजार स्वतःचे. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ४ लाख ७६ हजार. काम चालू असलेली बिल्डिंग म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख ४० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. झाले २२ लाख. हे माझ्या भावाने निवृत्तीच्या पैशांतून दिले. भावाकडे नसते तर आज ही पोस्टच नसती.

तुमचं सांगा. कोणी हात दिला, कुठे अडलं, कोणी नाद सोडला.

सुगरण
भाच्याचं अभिनंदन! पेढे कुठायत? कुकर लावलाय, मोठं लिहिते नंतर.

वाकडवासी
मी नाद सोडलेल्यांत. वाकडला टू बीएचके, भाडं २८ हजार. समोरच्या बिल्डिंगमध्ये अगदी असाच फ्लॅट ९५ लाख. ७५ लाख कर्ज धरलं तर हप्ता ६२-६३ हजार. फरक एसआयपीत टाकतो असं घरी सांगितलंय. अर्धा टाकतो.

हप्त्याची भीती नाही वाटत, नोकरीची वाटते. वीस वर्षं कोण ठेवणारे मला? आमच्या टीममधून मार्चमध्ये चौघांना काढलं. त्यातल्या एकाच्या वास्तुशांतीचं जेवण आम्ही फेब्रुवारीत जेवून आलो होतो.

निवृत्त_नाना
आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण राहून घर केलं. हल्ली दोन वर्षांनी नवा फोन, शनिवार आला की हॉटेल. शिल्लक पडणार कशी?

वाकडवासी
नाना, फोन ३० हजारांचा. वरच्या २२ लाखांत ७३ फोन येतात. दर महिन्याला एक फोन न घेता राहिलो तरी सहा वर्षं लागतील. तोवर २२चे ३० झालेले असतील.

निवृत्त_नाना
७३ जास्त होतात हे मान्य. हॉटेलचं बोला.

गिरणगावकरीण
नाना 😄

आमचं सांगते. बाबा गिरणीत. ८२च्या संपानंतर परत कामावर लागलेच नाहीत, वॉचमन झाले. घर लालबागला, चाळीतली एक खोली, पागडीची, म्हणजे आधी रक्कम देऊन थोड्या भाड्याने कायमची घेतलेली. मी आणि दादा तिथेच शिकलो, माळ्यावर. दादाचं लग्न झालं तेव्हा मी आणि आई बाहेर गॅलरीत झोपायचो, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. २०२५ला वरळीच्या बीडीडी चाळींत ५५६ जणांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या ते टीव्हीवर पाहत होतो. आई म्हणाली, आपल्या वेळेस चाळ पडायच्या आधी होऊ दे. आमच्या चाळीचा पुनर्विकास "चालू आहे". मी पाचवीत असल्यापासून चालू आहे.

मी स्वतः म्हाडाच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, सोडतीला अर्ज भरते. २०२४ला मुंबईत २,०३० घरं आणि अर्ज लाखाच्या वर. नवऱ्याचं-माझं मिळून वर्षाला साडेनऊ लाख होतात, म्हणजे अल्प उत्पन्नाची ९ लाखांची मर्यादा थोडक्यात हुकते आणि मध्यममध्ये जावं लागतं. तिथल्या किमती पाहिल्या की म्हाडा हा शब्द गरिबांसाठी आहे की कोणासाठी तेच कळत नाही. २०२३ला ताडदेवचं साडेसात कोटींचं घर सोडतीत होतं. ज्या आमदारांना लागलं त्यांनीसुद्धा परत केलं, परवडत नाही म्हणून. त्या दिवशी आमच्या घरी सगळे जाम हसलो.

सुगरण
आले. आमचं २०१९, बदलापूर, २४ लाख. पंतप्रधान आवासची २ लाख ६७ हजार सबसिडी थेट कर्जाच्या खात्यात आली, तो मेसेज अजून ठेवलाय. आता नवीन योजनेत १ लाख ८० हजारच आहेत म्हणे, तेही पाच हप्त्यांत, आणि घर ३५ लाखांच्या आतलं पाहिजे. बदलापुरात तसं अजून मिळेल, पुढे कर्जत-वांगणीकडे नक्की. पण नवरा सकाळी ६.४० ची धरतो ती रात्री साडेनऊला घरी. मुलगी बाबाला रविवारी ओळखते असं आम्ही गमतीत म्हणायचो, आता नाही म्हणत.

आणि व्याजाचं कोणी बोललं नाही. २०२२-२३ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा व्याजदर, ४चा साडेसहा झाला तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. न विचारता. ह्यांच्या रिटायरमेंटच्या पलीकडे गेली. मग हप्ता वाढवून घेतला आणि मुलीचा डान्स क्लास बंद केला.

रंकाळा
सगळ्यांनी कोल्हापूरला या बघू. 😄

नाही, चेष्टा नको. आमच्याकडं घर स्वस्त हाय पण पगार बी तसाच. मला २२ हजार. शहराच्या कडंला गुंठा घेतला, स्टॅम्पवर लिहून. सातबाराला नाव चढेना, तुकडेबंदीत अडकलं, इतक्या लहान तुकड्याचा व्यवहार कायद्याला चालत नाही. नाव नाही म्हणून बँक दारात उभं करेना, मग पतसंस्थेचं १३ टक्क्यांनी काढलं आणि दोन खोल्या टाकल्या. वडील आणि चुलते दोघं गवंडी, म्हणून मजुरी लागली नाही. आता गुंठ्याचे व्यवहार नियमित करायचं शासनानं काढलंय, बघू कधी नंबर लागतोय. पुण्यातला माझा मित्र म्हणतो तू नशीबवान. असंल. पाऊस पडला की पत्र्याखाली झोपून फोनवर हेच बोलत असतोय आम्ही.

सुगरण
रंकाळा, पतसंस्थेचं १३ टक्के ऐकून पोटात गोळा आला.

एकटीचं_घर
वय ३६, लग्न नाही, पुणे, कर्वेनगर, जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके, रिसेल. जुनं मुद्दाम घेतलं. ओसी (राहायच्या परवानगीचा दाखला) हातात, जीएसटी नाही, समोर कोण राहतं ते दिसतं.

बँकेत पहिला प्रश्न, "को-ॲप्लिकंट कोण? मिस्टर?" म्हटलं मीच मिस्टर. आईला घेतलं शेवटी, ती पेन्शनर. दोन्ही नावं बायकांची असल्यामुळे स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळाली. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते, हे एजंटने नाही सांगितलं, शेजारच्या वकीलकाकूंनी सांगितलं. पूर्वी अशी सूट घेतली की १५ वर्षं पुरुषाला विकता यायचं नाही, ती अट २०२३ला गेली. बहिणींनो लक्षात ठेवा.

घर बघायला आई आली ती हॉलमध्ये थांबलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात. ओटा वितेने मोजला. शेगडी इतकी, कुकर इतका, पोळपाट इतका, मग बोटं हवेत धरून म्हणाली, "परात खाली ठेवावी लागेल, चालेल." मालक बघतच राहिले. डाउन पेमेंटमध्ये माझ्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली. बाबांना ते जड गेलं. सहीच्या दिवशी आले नाहीत, पण संध्याकाळी ड्रिल मशीन घेऊन हजर.

वाकडवासी
"मीच मिस्टर" 👏

ड्रिलवरून आठवलं. माझ्या मालकाने खिळा ठोकायला मनाई केलीये. दोन वर्षं घड्याळ सोफ्यावर आहे.

गिरणगावकरीण
चिकटणारे हुक मिळतात की.

वाकडवासी
पावसाळ्यात पडतात. घड्याळ त्यामुळेच सोफ्यावर आलं.

ताबा_प्रलंबित
वाचत होतो गप्प, पण लिहितोच. २०१६ला बुक केलं, ताबा २०१९ला मिळणार होता. अजून नाही. भाडं आणि प्री-ईएमआय (ताब्याआधीचं नुसतं व्याज) दोन्ही भरतो. महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात गेलो, निकाल आमच्या बाजूने लागला, व्याजासकट पैसे परत द्या म्हणून. बिल्डरने दिले नाहीत. मग वसुलीचं वॉरंट कलेक्टर ऑफिसला गेलं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. ती फाइल तिथेच आहे. निकाल लागणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं.

नवीन घेणाऱ्यांनी महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून आधीच्या तक्रारी आणि ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली ते बघा. सॅम्पल फ्लॅट नंतर बघा.

उंबरठा
अरे बापरे. धीर धरा. ग्रुप करून लढताय का?

ताबा_प्रलंबित
हो, १४० जण. ग्रुपवर आता वाढदिवसाच्या शुभेच्छाच जास्त असतात.

म्हापशेकार
गोव्यात आमचं दुखणं निराळं. आमच्या वाड्यावर नवीन कॉम्प्लेक्स झालं, बहुतेक फ्लॅट दिल्ली-मुंबईवाल्यांचे, डिसेंबर सोडला तर कुलपं. माझा भाऊ हॉटेलात सुपरवायझर, त्याला म्हापशात भाड्याची खोली परवडेना म्हणून डिचोलीहून स्कूटरने येतो. वडिलोपार्जित घर आहे हो आमचं, पण चौदा वाटेकरी. त्यातले सहा परदेशात. कौल बदलायचा तरी सगळ्यांना फोन.

थेम्सकाठी
लंडनहून. इथेही हेच, डिपॉझिट नाही तर काही नाही. चाळिशीच्या आत असाल तर लाइफटाइम आयसा, म्हणजे सरकारी मदतीचं बचत खातं, उघडता येतो. वर्षाला ४ हजार पौंड टाकले की सरकार वर १ हजार देतं. पण घर साडेचार लाख पौंडांच्या आतलं हवं, आणि लंडनमध्ये त्यात धड काही बसत नाही. इथल्या गोऱ्या मित्रांच्या आईवडिलांनीही पैसे दिलेत, फक्त ते "बँक ऑफ मम अँड डॅड" म्हणून हसतात. आमच्याकडे गावची जमीन विकली जाते.

निवृत्त_नाना
दुपारी लिहिलं ते जरा फटकन लिहिलं. माझी पण जमीनच. भोरकडची दीड एकर विकून मुलाला बावधनला घर करून दिलं. त्याला म्हटलं नाही कधी, आणि इथेही म्हणणार नव्हतो. तो पगारावर घेऊ शकला नसता.

वाकडवासी
नाना, शनिवारी हॉटेलात भेटू. बिल मी देतो.

निवृत्त_नाना
मला मसाला डोसा चालतो.

सुगरण
उंबरठाताई, एक विचारायचं राहिलंच. शीळ रोडला पाण्याचं काय? आमच्या नणंदेकडे उन्हाळ्यात टँकर असतो.

उंबरठा
बिल्डर म्हणतो पाण्याचा प्रश्नच नाही. मी भाच्याला म्हटलं, शेजारची बिल्डिंग राहती आहे, सकाळी सात वाजता जा आणि तिथल्या वॉचमनला विचार. उद्या जाणार आहे. कळवते.